किशोर हँडबॉलपटूंची दुखापतपूर्व तपासणी

नाशिक जिल्ह्यात पावसाळा पुरता ओसरलेला नसतो, तोच शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो. पायरीपायरीने जिल्ह्यापासून विभाग आणि राज्यापर्यंत जाणाऱ्या या स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे स्वतंत्र गट असतात. कबड्डी, खो-खो या आपल्या मातीतल्या खेळांच्या जोडीने हँडबॉलसारखा तुलनेने नवा खेळही त्यांत खेळला जातो. स्पर्धांत चमकणाऱ्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळू शकतात. पुढे शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. शेतकऱ्याच्या किंवा कारखान्यातील कामगाराच्या घरातील मुलामुलींच्या दृष्टीने ही संधी लहान नव्हे.

परंतु या संधीपोटीच मुले आपले दुखणे लपवितात. गुडघा दुखत असला, घोटा सुजलेला असला, तरी संघातून नाव वगळले जाईल या भीतीने ती बोलत नाहीत. क्रीडाशिक्षकाच्या नजरेस ही गोष्ट येते तेव्हा पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते. गुडघ्यातील महत्त्वाचा अस्थिबंध तुटला, तर शस्त्रक्रियेचा खर्च, वर्षभराचा खंड आणि शिक्षणावरील परिणाम असा तिहेरी भार त्या कुटुंबावर पडतो. म्हणूनच हंगामापूर्वी खेळाडूंची शारीरिक तपासणी व्हावी, असा आग्रह क्रीडावैद्यकाचे अभ्यासक धरतात. ही तपासणी कोणती, तिच्यातून काय कळते, काय कळत नाही आणि तिचा उपयोग कसा करावा, याचा विचार या लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप

आजच्या हँडबॉलची घडण विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर युरोपात व जर्मनीत झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो मोकळ्या मैदानावर, एका बाजूस अकरा खेळाडू घेऊन खेळला गेला. सात खेळाडूंच्या बंदिस्त सभागृहातील प्रकाराचा समावेश पुरुषांसाठी १९७२ च्या म्युनिक आणि महिलांसाठी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये झाला. भारतात या खेळाचा राष्ट्रीय महासंघ १९७२ मध्ये स्थापन झाला आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हँडबॉलला प्रथमच स्थान मिळाले. २०२२ मध्ये भारताच्या कनिष्ठ मुलींच्या संघाने कझाकस्तानात झालेली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, तेव्हा या खेळाकडे अनेक शाळांचे नव्याने लक्ष गेले.

मैदान ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. गोलाची चौकट ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असते आणि तिच्यासमोरील ६ मीटरच्या क्षेत्रात केवळ गोलरक्षकास पाय ठेवता येतो. खेळाडूस चेंडू हातात घेऊन तीन पावले टाकता येतात. तेवढ्या अवकाशात तो प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देतो, रेषेअलीकडून उंच उडी घेतो आणि हवेत असतानाच चेंडू फेकतो. खाली येतो तो बहुधा एकाच पायावर. धावणे, एकाएकी थांबणे, वळणे, उडी, फेक आणि अंगाशी अंग भिडणे या साऱ्या क्रिया या खेळात सतत एकत्र येतात. दुखापतींचे प्रमाण येथे अधिक का, याचे उत्तर खेळाच्या या घडणीतच आहे.

इजा कोठे आणि कशी होते

हँडबॉलमध्ये घोटा, गुडघा, खांदा आणि बोटे या चार ठिकाणी सर्वाधिक इजा होतात. घोटा मुरगळणे ही त्यांतील नित्याची गोष्ट. उडीनंतर दुसऱ्याच्या पायावर पाय पडला किंवा मैदानातील खळग्यात गेला, की घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. बोटांच्या इजा प्रामुख्याने गोलरक्षकाच्या आणि चेंडू अडविणाऱ्यांच्या वाट्याला येतात.

गुडघ्याची इजा तितकी वारंवार होत नाही, पण ती झाली तर गंभीर असते. मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवरून घसरू नये यासाठी गुडघ्याच्या आत फुलीच्या आकारात दोन अस्थिबंध असतात. त्यांतील पुढचा अस्थिबंध डॉक्टरांत आणि खेळाडूंतही ‘एसीएल’ या नावाने ओळखला जातो. विशेष असे, की हा अस्थिबंध अनेकदा कोणाचाही थेट धक्का गुडघ्याला न लागता तुटतो. हुलकावणी देताना पाय रोवून शरीर वळविले जाते, अथवा उडीनंतर एका पायावर भार येतो. त्या क्षणी गुडघा पुरेसा वाकलेला नसेल आणि आतल्या बाजूस कलला असेल, तर अस्थिबंधावर सहन होण्यापलीकडचा ताण येतो. अशा प्रसंगांच्या चित्रफितींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असे आढळले, की पाय जमिनीस टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत, म्हणजे डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच, सारे घडून जाते. इतक्या अल्प वेळात विचार करून पाय सावरणे कोणालाही शक्य नाही. योग्य रीतीने उतरण्याची सवयच अंगी मुरलेली असावी लागते.

ही इजा मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक प्रमाणात होते. वयात येताना मुलांच्या स्नायूंचे बळ झपाट्याने वाढते, तसे ते मुलींत त्याच प्रमाणात वाढत नाही. त्याशिवाय शरीराची ठेवण, संप्रेरकांतील बदल आणि पद्धतशीर बलसंवर्धनाच्या व्यायामाचा अभाव अशी अनेक कारणे सांगितली जातात. यांतील अखेरचे कारण दूर करणे सर्वस्वी शाळेच्या हाती आहे.

खांद्याचे दुखणे मात्र एका क्षणात उद्भवत नाही. एका सरावात खेळाडू शेकडो वेळा हात डोक्यावर नेऊन चेंडू फेकतो. हात पुढे फेकणारे स्नायू बळकट होतात, परंतु फेकीनंतर हाताचा वेग आवरणारे, खांद्यामागील स्नायू त्या मानाने दुबळे राहतात. हे असंतुलन वाढत गेले की प्रथम सरावानंतर, पुढे सरावात आणि अखेरीस रात्री कुशीवर झोपतानाही खांदा दुखू लागतो.

तपासणीची तीन अंगे

हंगामपूर्व तपासणीचे तीन भाग पाडता येतील : पूर्वेतिहास, सर्वसाधारण आरोग्य आणि हालचालींची परीक्षा.

पहिला भाग प्रश्नोत्तरांचा असून तोच सर्वांत मोलाचा आहे. पूर्वी झालेली इजा ही पुढील इजेची सर्वांत विश्वसनीय सूचना होय, असे निरनिराळ्या खेळांच्या अभ्यासांतून आढळले आहे. गेल्या वर्षभरात कोणता सांधा दुखला, किती दिवस खेळ थांबवावा लागला, उपचार पुरा झाला काय, आज काही दुखते काय, एवढे प्रश्न शांतपणे विचारले तरी बरेच काही हाती लागते. खेळताना कधी भोवळ आली काय, छातीत दुखले काय, जवळच्या नातलगांपैकी कोणाचा तरुण वयात आकस्मिक मृत्यू झाला काय, हेही विचारणे आवश्यक आहे. कारण त्यातून हृदयविकाराचा सुगावा लागू शकतो. मुलींना मासिक पाळीविषयी प्रश्न विचारावयाचे ते शिक्षिकेने किंवा परिचारिकेने, एकांतात आणि आपुलकीने विचारावेत. भरपूर सराव आणि अपुरा आहार यांमुळे पाळी अनियमित होणे हे हाडे कमकुवत होण्याचे लक्षण असू शकते.

दुसऱ्या भागात उंची, वजन, रक्तदाब, दृष्टी आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांची नोंद घ्यावयाची असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलींना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. रक्तक्षय असलेली मुलगी लवकर थकते, आणि थकलेल्या स्नायूंचा सांध्यावरील ताबा सुटतो. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर अशा आदिवासीबहुल तालुक्यांतील मुलांच्या बाबतीत सिकलसेलची चाचणीही ध्यानात ठेवली पाहिजे. २०२३ पासून केंद्र शासनाने या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम हाती घेतली आहे. केवळ सिकलसेलचे वाहक असलेल्या मुलांना खेळ वर्ज्य नाही. मात्र उन्हात त्यांनी वारंवार पाणी प्यावे, विश्रांती घ्यावी आणि एकाएकी अतिश्रम टाळावेत, एवढी दक्षता शिक्षकाने घ्यावयास हवी. प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलांनी किती व कोणते श्रम करावेत, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

तिसरा भाग हालचालींच्या परीक्षेचा. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. एक भिंत, मोजपट्टी, खडू आणि फूटभर उंचीचा भक्कम ठोकळा एवढे साहित्य पुरते.

घोट्याची लवचीकता पाहण्यासाठी खेळाडूने भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीस टेकवावा. पाऊल हळूहळू मागे घेत जावे आणि गुडघा भिंतीस टेकू शकेल असे पायाच्या अंगठ्याचे भिंतीपासूनचे अधिकाधिक अंतर मोजावे. उजव्या व डाव्या पायातील अंतरांत ठळक फरक पडला, तर जुनी मुरगळ पुरती बरी झालेली नाही असा संशय घ्यावा.

तोल पाहण्यासाठी खेळाडूने एका पायावर उभे राहून दुसरे पाऊल पुढे आणि मागच्या दोन तिरक्या दिशांना, तोल न जाता, जास्तीत जास्त दूर पोहोचवावे. तिन्ही दिशांची अंतरे जमिनीवर खडूने नोंदवून दोन्ही पायांची तुलना करावी. त्यानंतर एका पायावरील अर्धी बैठक घ्यावयास लावावी. बैठक घेताना गुडघा आत झुकतो काय, कंबर एका बाजूस कलते काय, याकडे लक्ष द्यावे.

उडीच्या परीक्षेत खेळाडू ठोकळ्यावरून खाली उतरतो आणि लगेच वर उडी घेतो. समोरून पाहणाऱ्यास जमिनीस पाय लागताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे कलतात की पावलांच्या रेषेत राहतात, हे दिसते. साध्या मोबाइलवर ही उडी टिपून संथ गतीने पाहिली, तर खेळाडूलाही आपली चूक चटकन उमगते.

खांद्यासाठी खेळाडूस उताणे निजवावे, दंड बाजूस काटकोनात आणि कोपर काटकोनात वाकवून ठेवावे आणि हात आत व बाहेर किती फिरतो ते पाहावे. फेकीच्या हाताचे बाहेरील फिरणे थोडे अधिक आणि आतील फिरणे थोडे कमी असणे हे या खेळात स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही मिळून होणारा एकूण फेरा दुसऱ्या हातापेक्षा बराच कमी असेल, किंवा बाहेर फिरविण्याची ताकद कमी भरत असेल, तर त्या खेळाडूस फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे.

तपासणीची मर्यादा

येथपर्यंतचे विवेचन वाचून असे वाटणे साहजिक आहे, की तपासणीत उणे ठरलेल्या मुलांना वेगळे काढले म्हणजे इजेचा प्रश्न सुटला. तथापि शास्त्र तसे सांगत नाही. नॉर्वेतील क्रीडावैद्यकाचे अभ्यासक रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये अशा चाचण्यांचा चिकित्सक आढावा घेतला. कोणत्या खेळाडूला इजा होईल हे भाकीत या चाचण्या करू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात त्या देशातील हँडबॉल व फुटबॉल खेळणाऱ्या सातशेहून अधिक महिला खेळाडूंची ठोकळ्यावरील उडीची चाचणी घेऊन पुढे अनेक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. ज्यांचा अस्थिबंध पुढे तुटला आणि ज्यांचा शाबूत राहिला, त्यांना या चाचणीच्या बळावर वेगळे ओळखणे शक्य झाले नाही.

असे का होते, हे एका काल्पनिक हिशेबाने समजून घेता येईल. समजा, एका तालुक्यातील २०० खेळाडूंची तपासणी झाली आणि त्यांपैकी १० जणांना हंगामात गंभीर इजा होणार आहे. आपली चाचणी त्या १० पैकी ७ जणांना अचूक हेरते, असे धरू. उरलेल्या १९० निरोगी खेळाडूंपैकी ३० टक्के, म्हणजे ५७ जणांनाही तीच चाचणी ‘धोक्यात’ ठरवते. आता धोक्याच्या यादीत ६४ नावे झाली. त्यांत खरोखर इजा होणारे ७ आणि विनाकारण गोवले गेलेले ५७. शिवाय ज्या तिघांना ‘तुम्ही सुरक्षित आहात’ असे सांगितले गेले, तेही जायबंदी होणारच. अशा यादीच्या आधारे कोणाला संघातून वगळणे अन्यायाचे होईल आणि इतरांना निर्धास्त ठेवणे धोक्याचे होईल.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेशासाठी उंची, उभी उडी, ३० मीटर धाव, चेंडूफेक, ८०० मीटर धाव अशा कसोट्या घेतल्या जातात. त्या निवडीच्या कसोट्या होत. कोणात किती गुण आहेत हे त्यांतून पाहावयाचे असते. इजेसंबंधीच्या तपासणीचा हेतू याहून अगदी निराळा आहे. आज जे दुखते आहे आणि जे अपुरे बरे झाले आहे ते शोधणे, तसेच प्रत्येकाच्या व्यायामात कशावर भर द्यावयाचा ते ठरविणे, हाच तिचा हेतू. ही तपासणी निवडीशी जोडली गेली, तर मुले पूर्वीपेक्षाही अधिक दुखणी लपवतील आणि तिच्यातील सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे खरी उत्तरे, हातची जाईल.

व्यायाम सर्वांनाच

कोणाला इजा होणार हे सांगता येत नसले, तरी एकंदर इजा कमी करता येतात, हे निःसंशय सिद्ध झाले आहे. नॉर्वेतच १५ ते १७ वर्षांच्या १,८३७ हँडबॉल खेळाडूंवर केलेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण १२० क्लबांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्यात आले. एका गटाने सरावाच्या आरंभी १५ ते २० मिनिटांचा ठराविक व्यायाम केला. दुसऱ्या गटाने नेहमीचाच सराव चालू ठेवला. आठ महिन्यांच्या हंगामात नेहमीच्या गटातील ८१ खेळाडूंना, तर व्यायाम करणाऱ्या गटातील ४८ खेळाडूंना गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या तीव्र इजा झाल्या. दोन्ही गटांची खेळाडूसंख्या आणि खेळाचे तास जमेस धरता इजांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्यापूर्वी तेथील महिलांच्या वरिष्ठ संघांत असाच उपक्रम राबविला गेला होता. तुटलेल्या अस्थिबंधांची संख्या उपक्रमापूर्वीच्या हंगामात २९ होती. ती पुढील दोन हंगामांत २३ आणि १७ अशी उतरली. ज्यांनी व्यायाम नेटाने पार पाडला त्यांनाच त्याचा लाभ झाला, हीही गोष्ट त्यातून दिसून आली.

या व्यायामात गूढ असे काही नाही. प्रथम हलकी धाव, मागे धावणे, बाजूने पावले टाकणे, मग दिशा बदलण्याचा आणि उडीनंतर उतरण्याचा सराव. उतरताना गुडघे वाकलेले असावेत, ते पावलांच्या रेषेत राहावेत आणि आवाज न होता पाय टेकावेत, अशी सूचना पुनःपुन्हा द्यावी. त्यानंतर एका पायावर तोल सांभाळत जोडीदाराशी चेंडूची देवाणघेवाण. तोलफळी नसेल तर घडी घातलेल्या सतरंजीवर किंवा मऊ गादीवर हा व्यायाम होतो. शेवटी बैठका, उड्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम. यात खेळाडू गुडघ्यांवर उभा राहतो, जोडीदार त्याचे घोटे धरून ठेवतो आणि खेळाडू ताठ अंगाने सावकाश पुढे झुकत जातो. आरंभी सलग पंधरा सरावांत आणि नंतर आठवड्यातून किमान एकदा, अशी त्या प्रयोगाची वाटणी होती. आपल्याकडील मल्लखांब, सूर्यनमस्कार, जोर-बैठका यांच्या परंपरेत वाढलेल्या क्रीडाशिक्षकास हे सारे आत्मसात करणे कठीण जाऊ नये.

खांद्याच्या बाबतीतही हेच आढळते. वरिष्ठ संघांतील ६६० खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात खांद्याच्या ठराविक व्यायामामुळे खांदेदुखीचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. खांदा बाहेर फिरविणाऱ्या स्नायूंसाठी रबरी पट्टा ओढणे आणि खांद्याच्या पात्यासाठी जोर काढणे, हे त्यातील मुख्य प्रकार होत.

सरावाचा भार आणि वाढीचे वय

डेन्मार्कमध्ये १४ ते १८ वर्षांच्या ६७९ खेळाडूंवर ३१ आठवडे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या खेळाचे तास मागील चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा एकाएकी ६० टक्क्यांहून अधिक वाढले, त्यांना खांद्याच्या इजा अधिक प्रमाणात झाल्या. ज्यांचा खांदा मुळातच दुबळा होता, त्यांना त्याहून कमी वाढही बाधली. शालेय स्पर्धांच्या बाबतीत हा निष्कर्ष अतिशय बोलका आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आणि जून-जुलैच्या पावसात सराव जवळजवळ बंद असतो. मग स्पर्धेची तारीख लागताच सकाळ-सायंकाळ दोन-दोन तास सराव सुरू होतो. त्याऐवजी पावसाळ्यात वर्गखोलीत अथवा व्हरांड्यात बलसंवर्धनाचे व्यायाम चालू ठेवले आणि मैदानावरील वेळ आठवड्यागणिक थोडा थोडा वाढविला, तर शरीर त्या भाराला सरावते.

झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात हाडे आधी लांबतात आणि स्नायू मागाहून त्यांना गाठतात. या काळात गुडघ्याखालील उंचवटा किंवा टाच दुखणे सर्रास आढळते. स्नायू जेथे हाडाच्या वाढीच्या जागी जोडला जातो, तेथे ओढ बसल्याने हे घडते. उड्या आणि धावणे काही आठवडे कमी केले की बहुधा आराम पडतो; ‘खेळता खेळता मोकळे होईल’ म्हणून दुर्लक्ष केल्यास दुखणे लांबते. दर तीन महिन्यांनी उंची मोजून ठेवली, तर कोणते मूल अशा वाढीच्या टप्प्यात आहे हे शिक्षकास सहज कळते.

चेंडूही वयास अनुरूप हवा. ८ ते १२ वर्षांची मुले आणि ८ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी ५० ते ५२ सेंटिमीटर परिघाचा, त्यापुढे १६ वर्षांपर्यंतची मुले आणि सर्व मोठ्या मुली यांच्यासाठी ५४ ते ५६ सेंटिमीटर परिघाचा, तर १६ वर्षांवरील मुलांसाठी ५८ ते ६० सेंटिमीटर परिघाचा चेंडू नियमांत सांगितला आहे. लहान हातात मोठा चेंडू मावत नाही. मग मूल खांद्याला हिसका देऊन तो फेकते.

मैदानाकडेही लक्ष हवे. मुरुमाच्या मैदानावर सुटे खडे पायाखाली घसरतात, पावसानंतर काळ्या मातीत बूट रुततो, तर सिमेंटच्या पृष्ठभागावर उडीचा सारा आघात गुडघ्यावर येतो. सरावापूर्वी पाच मिनिटे मैदान फिरून खडे वेचणे आणि खळगे बुजविणे हा कार्यक्रमाचाच भाग समजावा. गोलाची चौकट जमिनीत किंवा भिंतीस पक्की बांधलेली असावी. सुटी चौकट अंगावर कोसळून मुलांचे प्राण गेल्याच्या घटना जगात अनेक ठिकाणी घडल्या आहेत.

इजा झालीच तर

ताज्या इजेवर जोराने चोळणे, गरम तेलाने मालीश करणे किंवा सांधा ओढून ‘बसविणे’ या प्रथा अजूनही आढळतात. त्यामुळे आतील रक्तस्राव आणि सूज वाढते. खेळ थांबवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा, पट्टी बांधून पाय उंच ठेवावा. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि दोन-तीन तासांत सूज आली, किंवा मुरगळलेल्या पायावर चार पावलेही टाकता आली नाहीत, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखे झाले, उलटी झाली वा भोवळ आली, तर त्या दिवशी खेळाडूस पुन्हा मैदानात उतरवू नये आणि त्यालाही तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने स्पर्धात्मक खेळ टाळावा आणि दोन्ही पायांचे बळ सारखे झाल्याची खात्री करूनच परतावे.

जिल्ह्यातील साधने

नाशिकमध्ये या कामासाठी लागणारी साधने विखुरलेल्या स्वरूपात उपलब्ध आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून येथेच आहे आणि फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. त्यातील वैद्यकीय पथके शासकीय व अनुदानित शाळांतील १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालयही नाशिकलाच आहे. आश्रमशाळांत मुलांचा आहार, झोप आणि सराव हे तिन्ही एकाच छपराखाली असल्यामुळे असा उपक्रम तेथे विशेष सुकर होईल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ पट्ट्यातील मुलांच्या अंगी किती दम असतो, हे सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवून दाखवून दिले आहे.

या साधनांची सांगड घालण्याची रीत सोपी आहे. जूनमध्ये शाळेने प्रत्येक खेळाडूच्या पूर्वेतिहासाचे एक पान पालकांच्या संमतीने भरून घ्यावे. आरोग्य पथकाच्या भेटीच्या वेळी खेळाडूंच्या हिमोग्लोबिनची व हृदयाची तपासणी आवर्जून व्हावी. जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयाशी संपर्क साधून एका दिवसात हालचालींची परीक्षा उरकून घ्यावी. नोंदी गोपनीय ठेवाव्यात. त्या निवड समितीपुढे मांडू नयेत. ज्यांना दुखणे आहे त्यांच्यावर उपचार व्हावेत आणि उरलेल्या सर्वांना, तपासणीत कोण कसे ठरले याचा विचार न करता, वर सांगितलेला पंधरा-वीस मिनिटांचा व्यायाम सक्तीने द्यावा. हंगाम संपल्यावर कोणाला कोणती इजा झाली आणि किती दिवस खेळ बंद राहिला, एवढे एका वहीत लिहून ठेवले, तरी दोन-तीन वर्षांत त्या शाळेस आपल्या मैदानाचा आणि सरावाचा दोष आपोआप दिसू लागेल.

खेळाडू घडविणे हे दीर्घ मुदतीचे काम आहे. आज १४ वर्षांखालील गटात खेळणारी मुलगी आणखी पाच वर्षे शालेय स्पर्धांत खेळू शकते. या पाच वर्षांत तिचा गुडघा आणि खांदा शाबूत राहावा, दुखते आहे हे सांगताना तिला संघातील जागा जाण्याची धास्ती वाटू नये, एवढी व्यवस्था प्रत्येक शाळेस करता येण्याजोगी आहे. क्रीडाशिक्षक, पालक आणि आरोग्य कर्मचारी या तिघांनी मिळून ती उभी केली, तर नाशिकच्या मैदानांवर घडणाऱ्या मुलामुलींना आपले कौशल्य अखेरपर्यंत अजमावण्याची संधी मिळेल.